देखभाल प्रायोजकाकडे

नाशिककराला कलेपासून त्रास होऊ नये, एवढी माझी माफक अपेक्षा आहे. गाणं नको झालं तर रेडिओ बंद करता येतो. नाटक पडलं तर मध्यंतरात चहाच्या निमित्तानं बाहेर पडून थेट घर गाठता येतं. चौकातल्या शिल्पाची गोष्ट वेगळी. त्याला वळसा घालूनच जावं लागतं, वाहतुकीचा नियमच तसा आहे. वर सिग्नल लागला, की तो सुटेपर्यंत त्याच्याकडे बघत बसावं लागतं ते निराळंच.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जे सर्कल आहे, त्यात द्राक्षांचा घड आहे. फायबरचा, दोन पुरुष उंच, एकेक मणी फुटबॉलएवढा. नाशिक म्हणजे द्राक्षं, तेव्हा विषयाबद्दल कोणाची हरकत असायचं कारण नाही. उद्घाटनाच्या दिवशी घड हिरवागार होता. पहिल्या उन्हाळ्यानंतर पिवळा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यांनी त्याला तपकिरी केलं. द्राक्ष उन्हात ठेवलं तर त्याचा बेदाणा होतो, हे शास्त्राला धरूनच असल्यामुळे तक्रार करायला तोंड राहिलं नाही. खालचे काही मणी गळाले. त्यांतला एक कॉलनीतल्या पोरांनी स्टंप म्हणून वापरला. उरलेल्या भोकांत पारव्यांनी संसार थाटले. घडाभोवती कारंजं आहे. ते चालू असताना वारा नेमका दुचाकीवाल्यांच्या बाजूनं वाहतो. ते बंद असताना साठलेल्या पाण्यात डास होतात आणि मग मलेरियावाले येऊन औषध मारून जातात. कलेमुळे रोजगारनिर्मिती होते म्हणतात, ती अशी.

पाट्यांचं मात्र कौतुक केलं पाहिजे. प्रायोजकाची पाटी स्टेनलेस स्टीलची आहे, आतून दिवे आहेत, पावसाळ्यातही अक्षर न् अक्षर लखलखतं. घड एक आहे, पाट्या चार आहेत. कोणत्याही रस्त्यानं आलात तरी द्राक्षं पाठमोरी दिसू शकतात, प्रायोजक पाठमोरा दिसत नाही. पाटीवर सर्वांत खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'देखभाल : प्रायोजक'. हे बारीक अक्षर वाचायचं तर गाडी थांबवावी लागते, आणि सर्कलमध्ये गाडी थांबवली की दंड होतो.

आता पत्ता सांगायचा म्हणजे घडावरूनच सांगावा लागतो. गेल्या महिन्यात पार्सलवाल्या पोराचा फोन आला.

"काका, मी द्राक्षांपाशी उभा आहे. पुढं कुठं येऊ?"

"कुठल्या द्राक्षांपाशी?"

"मोठ्या."

"सगळी मोठीच आहेत. रंग कोणता?"

"हिरवा."

"मग ती आमची नव्हेत. तपकिरी होईपर्यंत सरळ ये."

पोरगा गुणी होता. त्यानं उलट विचारलं नाही.

वास्तविक नाशिकचे पत्ते शिल्पांवर कधीच अवलंबून नव्हते. मायको कंपनीनं २००८ मध्ये आपलं नाव बॉश केलं, तरी रिक्षावाला अजून मायको सर्कललाच सोडतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं रीतसर नाव असलेल्या जागेला शहर गोल्फ क्लब म्हणतं, आणि तिथं मी आजवर सभा, प्रदर्शनं, क्रिकेट आणि मधुमेहींची प्रभातफेरी पाहिली. गोल्फ पाहिला नाही. तरीही तिथं जाताना कोणी चुकत नाही. माणसं चुकायला लागली ती प्रत्येक चौकात एकेक ओळखीची खूण बसवल्यापासून.

शहरात कामाला येणारं रस्त्याकाठचं शिल्प एकच आहे, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गोदापात्रात उभा, एक तोंड पुढं, एक तोंड मागं. कल्पना चमत्कारिक आहे, हे मान्य. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, की प्रशासन क्युसेकमध्ये आकडे देतं आणि सगळं नाशिक मारुतीकडे बघतं. इतके हजार क्युसेक म्हणजे नेमकं काय, हे घरात कोणालाच उमगत नाही. 'मारुतीच्या गुडघ्याला लागलं' म्हटलं, की भांडी बाजारातला दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतो. 'कमरेला लागलं' म्हटलं की शटर ओढतो. 'छातीला लागलं' म्हटलं की पुण्याहून, मुंबईहून नातेवाइकांचे फोन सुरू होतात. २००८, २०१६ आणि २०१९ या सगळ्या पुरांची मापं गावानं या मारुतीच्याच अंगावर घेतली. त्याच्याभोवती कारंजं नाही, कारण नदी आहे. देखभालीचा प्रश्न नाही, कारण गोदावरी त्याला बहुतेक पावसाळ्यात स्वतः न्हाऊ घालते. आणि अशा जागी पाटी लावायची तर ती पहिल्याच पुरात पैठणला निघेल, म्हणून पाटीही नाही. ज्याच्यावाचून शहराचं अडतं, ते शिल्प प्रायोजकाशिवाय उभं आहे. आणि प्रायोजक असलेल्यांवाचून कोणाचं अडल्याचं ऐकिवात नाही.

यातून काही धडा घ्यायला हवा होता. त्याऐवजी खांब रंगवायला घेतले.

उड्डाणपुलाच्या खांबांवर वारली चित्रं काढणं ही कल्पना मला तत्त्वतः पसंत आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला वारल्यांची वस्ती आहे, तेव्हा हा काही उसना विषय नाही. माझी अडचण रोजच्या सिग्नलपुरती आहे. समोरच्या खांबावर तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेला आहे. फेराच्या मधोमध, तारप्याच्या बरोबर टोकाशी, दहावीच्या क्लासची जाहिरात चिकटवलेली आहे: 'प्रवेश सुरू'. त्यामुळे सगळे वारली हातात हात घालून प्रवेशासाठी नाचताहेत असं दिसतं. शेजारच्या खांबावर एका संताचं चित्र होतं. ते आता कमरेपासून खालीच दिसतं, कारण वर एका युवा नेतृत्वाचा वाढदिवस आला. वाढदिवस होऊन गेला, युवा नेतृत्व पक्ष बदलून गेलं, फलक आहे. संतांचे चरण तेवढे दर्शनाला शिल्लक आहेत. वारकरी परंपरेत ते पुरेसं मानतात, म्हणून तिथंही मला बोलता येत नाही.

शहराबाहेर पडावं तर मिसळ आडवी येते. नाशिकची मिसळ पूर्वी दुकानात मिळायची. बाक, टेबल, स्टीलची ताटली, पाव, वर रस्सा, आणि मागं उभा राहून तुमचा शेवटचा घास मोजणारा पुढचा गिऱ्हाईक. आता मिसळ खायला मळ्यात जावं लागतं. मळ्याला कमान, कमानीत सिमेंटचा शेतकरी आणि सिमेंटची शेतकरीण, दोघांचे हात जोडलेले. आत सिमेंटचा वासुदेव, सिमेंटची बैलजोडी, सिमेंटच्या विहिरीवर पाणी शेंदणारी सिमेंटची बाई. विहीर कोरडी आहे. तिच्यात लोक नाणी टाकतात. कशासाठी टाकतात ते मी एका कुटुंबाला विचारलं, तर कुटुंबप्रमुख म्हणाले, "सगळे टाकतात."

आमचा नंबर लागला तेव्हा टेबलं भरलेली होती, म्हणून आम्हाला बैलगाडीत बसवलं. बैलगाडी खरी आहे, बैल खोटे आहेत. त्यामुळे गाडीचं जू जमिनीला टेकलेलं असतं आणि गाडीतली प्रत्येक गोष्ट जुवाच्या दिशेनं निघते. रस्सा आधी निघाला. मग दही. मग आमच्या सौ. "अहो, धरा ना!" हे त्या मला म्हणाल्या की वाटीला, ते अजून स्पष्ट झालेलं नाही. शेजारच्या खोपटात बसलेल्या पाहुण्यांनी आमचा फोटो काढला. ग्रामीण जीवनाचं दर्शन म्हणून तो पुढं गेला असावा. गंमत अशी, की कमानीबाहेर रस्त्यापलीकडे खरा मळा होता. त्यात खरा शेतकरी खऱ्या ट्रॅक्टरवर बसून खऱ्या टोमॅटोला औषध मारत होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. तो हात जोडून उभा नव्हता ना.

खोटा देखावा उभा करायला माझा विरोध नाही. या गावाला तसं बोलणं शोभणारही नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे; १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केल्यावर त्यांनी आपलं सगळं बिऱ्हाड नाशिकला आणलं आणि इथं पडद्यांचे राजवाडे उभे करून चित्रपट काढले. पण चित्रीकरण संपलं की राजवाडा मोडायचा, ही त्या धंद्याची शिस्त होती. मिसळ संपल्यावर वासुदेव कोणी मोडत नाही. तो पावसात भिजतो, उन्हात तडकतो, त्याच्या मोरपिसांच्या टोपीतून लोखंडी सळई बाहेर येते आणि मुलं त्याच्या पायाशी बसून आइस्क्रीम खातात.

अनुकृती मनावर घेऊन कशी करावी, याचा नमुना गावातच आहे. नाशिकरोड स्टेशनजवळचं मुक्तिधाम पाहा. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं देऊळ, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेले आणि आत बाराही ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. ट्रेन चुकलेल्या माणसाला पुढची येईपर्यंत केदारनाथपासून रामेश्वरपर्यंत जाऊन येता येतं. बारांत त्र्यंबकेश्वरही आहे. खरं त्र्यंबकेश्वर तिथून तासा-दीडतासाच्या अंतरावर असूनही आहे, याबद्दल काही चिकित्सक लोक नाक मुरडतात. मला त्यात कर्त्याचा काटेकोरपणा दिसतो. बारा म्हणजे बारा. 'एक जवळच आहे, ते प्रत्यक्ष पाहून घ्यावे' अशी पाटी लावून पैसे वाचवता आले असते. ते त्यानं केलं नाही. आणि संगमरवर पुसलेला असतो.

बाहेरच्या जगातही असल्या गोष्टींना मान आहे, असं वाचनात आलं. अमेरिकेत लाँग आयलंडवर १९३१ मध्ये एका बदकं पाळणाऱ्यानं बदकाच्याच आकाराचं दुकान बांधलं आणि बदकाच्या पोटात बसून बदकं नि अंडी विकली. पुढं १९७२ मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनॉर या तिघांनी लास वेगसवर पुस्तक लिहिलं आणि जगातल्या इमारतींची दोन गटांत वाटणी केली: एक बदकं, म्हणजे जी वस्तू आहे तोच आकार, आणि दुसरी सजवलेली शेड, म्हणजे साधी पत्र्याची खोली आणि पुढं मोठी पाटी. या हिशोबानं आमचे मिसळीचे मळे दुसऱ्या गटात बसतात. बदक आपल्या देशात हैदराबादेत सापडतं. तिथल्या राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाचं कार्यालय डोळ्या-कल्ल्यांसकट माशाच्या आकाराचं आहे. पंजाबात जालंधरच्या बाजूला तर परदेशी गेलेल्यांच्या घरांच्या गच्चीवर विमान, फुटबॉल, प्रेशर कुकर अशा आकारांच्या टाक्या आहेत. म्हणजे निदान त्यांत पाणी असतं.

याच धर्तीवर लासलगावला कांद्याच्या आकाराचं भवन का नसावं, असा एक विचार मी काही मित्रांपुढे मांडला होता. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ज्या गावाचं नाव घेतात, तिथं साधी चौकोनी कार्यालयं बघून पाहुण्याला काय वाटत असेल! पाकळीवर पाकळी असे मजले. एका मजल्यावर विचारलं तर वरच्या मजल्यावर पाठवतील, तिथून आतल्या. शेवटी गाभ्यात पोचल्यावर आत काहीच नसेल आणि डोळ्यांत पाणी असेल. रचना आजच्या कामकाजाशी तंतोतंत जुळते. शिवाय भाव पडले की कांदे कुठं नेऊन ओतायचे, हा प्रश्न शेतकऱ्याला पडणार नाही. मित्रांपैकी जो निफाड तालुक्यातला आहे, तो हसला नाही. त्याचा कांदा त्या आठवड्यात विकला गेला होता.

एवढं सगळं सांगून झाल्यावर लोक विचारतात, तुम्हाला नेमकं पाहिजे काय? मला पाहिजे ते नाशिकात आधीच होऊन गेलेलं आहे. त्यासाठी मुंबईच्या रस्त्याला पांडवलेण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

वर एकंदर चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा धिप्पाड यक्ष आहेत. जमिनीतून अर्धे वर आलेले, जाडजूड तुळया खांद्यावर घेतलेले; सगळी ओसरी त्यांच्याच जिवावर उभी आहे असं दाखवलंय. जवळ जाऊन चेहरे पाहावेत. गाल फुगलेले, मान दबलेली, दम धरलेला. इतकी शतकं खांदा न बदलता उभे असूनही एकाच्याही अंगावर 'सौजन्य' लिहिलेलं नाही. लेणं कोणी दिलं ते वर ओसरीच्या भिंतीवर कोरलंय: गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री.

पण माझा माणूस दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. त्यानं सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि तिथल्या भिंतीवर आपली पाटी कोरली. पाटी लांबलचक आहे, तो भाग सोडा. जावयाला तेवढं चालतं. पाटीत पुढं काय आहे ते महत्त्वाचं. उषवदातानं लेण्याबरोबर तीन हजार कार्षापणही दिले आणि ते गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला दोनशे चाळीस होतं; त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडाला. दुसरीचं नव्वद, किरकोळ खाण्याजेवणासाठी. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं, हेही कोरलंय. हे सगळं निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदवलं, हेही कोरलंय.

म्हणजे वास्तू दिली, तिथं राहणाऱ्यांच्या वर्षाच्या खर्चाची सोय केली, व्याजाचा दर ठरवला, पैसा कोणाकडे ते सांगितलं, आणि सगळं बारीक अक्षरांत न लपवता भिंतीवर दगडात कोरलं. फीत कापल्याचा उल्लेख मला सापडला नाही.

हा हिशोब कागदावर उतरवून मी घडाच्या देखभालीसाठी अर्ज केला. कार्यालयाचं नाव सांगत नाही. ते सांगून उपयोगही नाही, कारण काम त्यांच्याकडे येत नव्हतं. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला.

"काका, ते सर्कल आमच्याकडे नाही. गोल आमचा, वरचं प्रायोजकाचं."

"आणि कारंजं?"

"पाणी आमचं. कारंजं त्यांचं."

"पाणी नसतं हो बहुतेक वेळा."

"मग तर आमचं काहीच नाही."

प्रायोजकाकडे गेलो. तिथं गारेगार खोलीत पाणी विचारलं, चहा विचारला आणि सांगितलं, की करार केव्हाच संपला; आता देखभालीची जबाबदारी राहिलेली नाही. पाटी अजून कशी, असं विचारल्यावर म्हणाले, "काढायला खर्च आहे. शिवाय लोकांना सवय झालीय." पाटीचे दिवे कोण पुसतं, ते विचारलं. त्याला त्यांचा माणूस आहे म्हणाले, महिन्यातून दोनदा शिडी घेऊन येतो.

त्या माणसाला जाताजाता दोन मणी पुसायला सांगता येणार नाही का, असं मी सुचवलं. कामाच्या व्याप्तीत बसत नाही म्हणाले.

परत खिडकीशी आलो तर भाऊसाहेबांनी आनंदाची बातमी दिली. २०२७ चं सिंहस्थ आलंय, चौक सगळे नव्यानं सजणार आहेत. घड जाणार. त्याच्या जागी कुंभ येणार, फायबरचा, तिरका, त्यातून अमृत सांडतंय असा देखावा, रात्री रंग बदलणारे दिवे.

"अमृताला पाणी कुठलं?" मी विचारलं.

"ते आमच्याकडे."

"आणि देखभाल?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न बोलता अर्जावर शिक्का मारून पोच दिली.

तेव्हा आता मी स्वतःच काही रक्कम बाजूला काढायची ठरवलीय. फार नाही, महिन्याला एक बादली, थोडी साबणपूड आणि शिडीचं भाडं निघेल एवढी. उषवदाताच्या धर्तीवर मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर घड धुवायचा. त्यासाठी बँकेत चौकशी केली. मुदत ठेवीचा त्यांचा दर ऐकला आणि विणकरांचा आठवला. वर्षाला शेकडा बारा, भिंतीवर लेखी. गोवर्धनातली ती श्रेणी अजून ठेवी घेत असेल, तर जाणकारांनी कृपया कळवावं. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा मिळतो का, तेही.